आजोबांची तुटक रेघ

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता अमेरिकेतल्या, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी शाळेत भिंतीवरचं एक चित्र उतरवण्याची सूचना झाली. सूचना शाळेचे अध्यक्ष नरेंद्रकाका यांची होती. चित्रही त्यांचंच होतं. काढलं होतं त्यांच्या नातीनं, पहिलीतल्या अंतरानं.

चित्रकलेचा वर्ग विनयकाकांचा. मोटार कंपनीत गाड्यांच्या दारांची ड्रॉइंग करता करता ते रिटायर झाले. शाळेत शिकवायला मिळावं म्हणून बरेच दिवस मागे लागल्यावर त्यांना हा वर्ग मिळाला, तोही ट्रायलवर. पुढे चालू ठेवायचा की नाही, हे नरेंद्रकाका ठरवणार होते.

विनयकाकांनी माणूस सोपा करून शिकवला. डोकं गोल, धड चौकोन, हातपाय म्हणजे लांब पट्ट्या. तिथंच थांबायचं, तर सवयीनं गाडीच्या ड्रॉइंगचा नियमही सांगून बसले: दिसतं त्याला सलग रेघ, आत लपलेलं असेल त्याला तुटक रेघ.

मुलांना हा नियम फारच आवडला. एका बाबांच्या खिशात तुटक रेघेचा फोन आला, प्रार्थनेच्या वेळी बंद असतो म्हणतात तोच. डाएटवर असलेल्या आश्लेषामावशींच्या पर्समध्ये तुटक रेघेचा डोनट निघाला. भिंतीवर लावलेली चित्रं बघत पालक हसत हसत पुढे सरकत होते. अंतराच्या चित्रापाशी थबकले.

सलग रेघेत दाट केस. त्यांच्या आत, तुटक रेघेत, गुळगुळीत गोल.

"हे कोण गं?" कुणीतरी विचारलं.

"आजोबा. ॲट नाइट ही टेक्स इट ऑफ."

नरेंद्रकाकांनी विनयकाकांना बाजूला घेतलं.

"विनय, ते चित्र उतरव."

"उतरवतो. पण पोरीला कारण काय सांगू? ड्रॉइंग करेक्ट आहे."

"तुला वर्ग चालू ठेवायचाय ना?"

"ठेवायचाय. म्हणून तर बरोबर रेघेला चूक म्हणवत नाही."

मग नरेंद्रकाका स्वतःच नातीकडे गेले. "बाळा, असं नसतं गं दाखवायचं."

"बट इट्स हिडन, आजोबा. म्हणून तर डॉटेड."

अंतराची आजी, रेखाकाकू, शेजारीच चहा पीत होत्या. "अहो, दोन्हीतलं एक काहीतरी उतरवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चित्र नाही तर ते."

वर्गाचा निर्णय सोमवारी कळणार होता. कळलेला नाही. चित्र भिंतीवरच आहे. बुधवारी नरेंद्रकाका लायब्ररीत दिसले ते कानांपर्यंत ओढलेल्या लोकरी टोपीत. बाहेर बर्फ होता, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. मात्र टोपी घरातही उतरत नाही, असं रेखाकाकू सांगतात.

अंतरानं आजोबांचं नवं चित्र काढायला घेतलंय. टोपी सलग रेघेत काढून झाली आहे. तिच्या आत एक तुटक रेघ की दोन, नुसता गोल की केसही, असं तिनं आजोबांना विचारलं. त्यांनी टोपी आणखी खाली ओढली.