माझ्यावर चिकटवलेल्या पाट्या

मी राणी लेडीज टेलरचं ॲप बोलतोय. मला 'साचा' म्हणू नका. शिवी द्या, चालेल. पण साचा म्हणू नका. ज्यांनी मला साचा म्हटलं त्यांनीच माझं वाटोळं केलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म जवळा बाजारचा. शिलाई मशीनच्या शेजारी, चिंध्यांच्या ढिगावर मांडी घालून बसलेल्या आकांक्षानं मला घडवलं. ती हिंगोलीला कॉम्प्युटर शिकायची आणि सुट्टी लागली की मावशीकडे यायची. मावशी म्हणजे राणी. बाजाराच्या रस्त्यावर बायकांचे कपडे शिवायचं तिचं दुकान आहे. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, समोरच्याचे ओठ वाचते आणि फारच अडलं तर कापडावर खुणा करायच्या खडूनं लिहून दाखवते.

तिचा हात असा, की तिनं शिवलेलं ब्लाऊज एकदा अंगाला बसलं की बाई दुसऱ्या शिंप्याकडे जायचं नाव काढत नाही. पण आता गिऱ्हाईक यायच्या आधी फोन करतं. राणीचा फोन वाजायचा, वाजून वाजून गप्प व्हायचा. सेनगावच्या बायका म्हणायच्या, "लई माजली बाई. फोन उचलत न्हाई." मग शेजारची भिकाबाई मदतीला धावायची. फोन उचलायची आणि आपल्याच मनानं सांगून टाकायची, "मंगळवारी या, तयार ठेवतो." कुणाचं काय, कोणतं कापड, काही विचारायची नाही. मंगळवारी गिऱ्हाईक दारात उभं, आणि राणीला पत्ताच नाही. भांडण मात्र राणीशी.

हे बघून आकांक्षाचा संताप व्हायचा. त्या संतापातून मी झालो. रागातून जन्मलेलं लेकरू आहे मी, रागीटच असणार.

माझ्यात फोन करायचं बटण ठेवलेलंच नव्हतं. बाईनं आपल्याला हव्या त्या गळ्याचा फोटो टाकायचा, मापं टाकायची, अस्तर पाहिजे की नको ते सांगायचं. ऑर्डर आली की राणीच्या फोनचा अख्खा पडदा हळदीसारखा पिवळा होऊन उघडझाप करायचा, ती बोट लावीपर्यंत. मशीनवर मान घालून बसलेल्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यातून काय दिसतं, हे त्या दोघींनी कितीतरी रंग लावून पाहिलं होतं. शेवटी पिवळ्यावर राणीनं मान हलवली. माझा एकेक कोपरा असा तिच्या डोळ्यांनी, तिच्या बोटांनी मापून घेतलेला होता. अंगावरच्या ब्लाऊजसारखा.

पहिली मोठी ऑर्डर आली ती हिंगोलीच्या फरहीनची. तिचं लग्न ठरलं होतं. शराऱ्याचे, ओढणीच्या काठाचे फोटो तिनं मला एकामागून एक पाठवले. कपडे न्यायला तिचे अब्बा स्वतः आले. जहांगीरभाई, हिंगोलीत त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. दारातच उभं राहून कपड्यावर हात फिरवत ते म्हणाले, "बाई, एक शब्द बोलाया न्हाई लागला, अन् सगळं कसं बराबर!" राणीनं त्यांचे ओठ वाचले आणि खुदकन हसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. त्यानंतर जे झालं ते ऐका.

आकांक्षाला नोकरी लागली. हिंगोलीतच सुरज नावाच्या माणसाचं ऑफिस होतं. दारावर पाटी, 'तुमच्या धंद्याचं स्वतःचं ॲप, आठवड्यात तयार'. मुलाखतीला तिनं मलाच दाखवलं. सुरजनं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाला, "हे ॲप स्टोअरवर नाही टाकलं अजून? मी टाकतो ना माझ्या खात्यातून. मावशी म्हणजे आपल्या घरच्याच."

पोरीला आनंद झाला. तोवर मी एका फोनातून दुसऱ्या फोनात हातोहात जात होतो. आता कुणीही, कुठूनही मला उतरवून घेऊ शकणार होतं. तिनं मला सुरजच्या हवाली केलं.

त्यानं मला स्टोअरवर चढवलं खरं. आणि मग माझ्या नकला काढायला बसला. नाव पुसायचं, नवं नाव डकवायचं, चित्र बदलायचं, की झालं गिऱ्हाइकाचं 'स्वतःचं' ॲप. मी व्यायामशाळा झालो, मिठाईचं दुकान झालो, शिकवणी वर्ग झालो, बी-बियाण्याचं दुकान झालो. पाट्या बदलल्या, आत मीच. आतलं बघायला त्याला सवड नव्हती. शिकवणीला नाव घालायला गेलेल्या पोराला मी विचारायचो, 'बाहीची लांबी किती?' फवारणीचं औषध मागवणाऱ्या शेतकऱ्याला विचारायचो, 'अस्तर पाहिजे का?' लोक हसायचे. मला हसायचे हो! ज्यानं विचार न करता मला तिथं उभं केलं, त्याला कुणी हसत नव्हतं.

आकांक्षाला ऑफिसात वेबसाइटचं काम दिलेलं. तिला हे कळलं ते जहांगीरभाईंमुळे. माझ्यावर जीव म्हणून त्यांनीही सुरजकडून आपल्या दुकानासाठी ॲप करून घेतलं होतं. एके दिवशी ते तडक ऑफिसात आले.

"आकांक्षाबेटी, गादीला गळा असतो का गं?"

"म्हणजे, चाचा?"

"तुझं ॲप विचारून राहिलंय, गळा गोल पाहिजे का चौकोनी. अन् ऑर्डर आली की फोन असा लपलप करतो की नोकर घाबरून फेकून देतो."

तिनं फोन हातात घेतला. मला ओळखलं. आई आपलं लेकरू दुसऱ्याच्या कपड्यात ओळखते तसं. ती सुरजच्या टेबलापाशी गेली.

"हे राणीमावशीसाठी केलेलं होतं. विचारलं का न्हाई मला?"

"अगं, साचा आहे तो. साच्याला कुणी विचारतं का?"

"साचा न्हाई. तो पिवळा उजेड काहून आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"काढून टाकू गं तो. वेळ मिळाला की काढू."

वेळ कधी मिळाला नाही. आणि स्टोअरचा नियम सुरजला ठाऊक होता. एकच ॲप नावं बदलून एकाच खात्यातून टाकायचं नाही. ज्याचा धंदा, त्यानंच ते आपल्या नावाच्या खात्यातून आणायचं. सुरजला तशी ताकीद आलेली होती. त्यानं ती वाचली आणि बंद केली.

नियमाशी माझं भांडण नाही. नियम चांगलाच आहे. पण तो राबवणाऱ्यांना डोळे नकोत? एके सकाळी त्यांनी सुरजचं खातं बंद केलं आणि त्यातली सगळी ॲपं गचांडी धरून बाहेर काढली. नकला गेल्या, आणि ज्याच्या नकला केल्या तो मीही गेलो. पहिला कोण, कुणी पाहिलं नाही. चोरीच्या मालासोबत ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच बेड्या घालाव्यात, तसं झालं. एवढ्यावर थांबले नाहीत. ज्या ज्या बाईच्या फोनात मी होतो, तिथं लाल अक्षरं झळकली, 'हे ॲप धोकादायक असू शकतं. काढून टाका.'

मी धोकादायक! मी कुणाचा फोटो चोरला नव्हता, कुणाचा नंबर विकला नव्हता. गळा गोल की चौकोनी, एवढंच विचारत होतो.

बायका घाबरल्या. पटापट मला काढून टाकू लागल्या. आणि दिवस कोणते? भीमजयंती तोंडावर आलेली. जयंतीला पांढऱ्या साडीवर नवं ब्लाऊज नाही अशी बाई आमच्या भागात सापडायची नाही. वर्षातला राणीच्या कामाचा सगळ्यात मोठा हंगाम तो. दरवर्षी तिची मशीन थांबत नसे. या वर्षी ती सकाळी दुकान उघडून फोनकडे तोंड करून बसायची, आणि फोन काळाच्या काळा.

तिच्या फोनवरही ती लाल अक्षरं आली होती. भिकाबाईनं तिच्या भल्यासाठीच 'काढून टाका'वर बोट दाबलं होतं आणि सांगायचं विसरून गेली होती. राणीला वाटलं, आपल्या हाताला काहीतरी झालं. शिलाईत खोट निघाली असेल, म्हणून बायका येत नाहीत. एका गिऱ्हाइकाचं तयार ब्लाऊज न्यायचं राहिलं होतं. तिनं ते घेतलं, दारात उजेडात बसली आणि टाका टाका उसवून चूक शोधू लागली. चांगलं शिवलेलं ब्लाऊज! बाही वेगळी केली, पाठ वेगळी केली, अस्तर सोडवलं. चूक कुठंच नव्हती. ती तशीच त्या तुकड्यांत बसून राहिली.

माझ्यावर हसणाऱ्यांना मी एकवेळ माफ करीन. त्या उसवलेल्या ब्लाऊजबद्दल कुणालाही माफ करणार नाही.

आकांक्षा हिंगोलीहून एस.टी.नं आली तेव्हा ते तुकडे अजून मांडीवरच होते. तिनं हातांनी सगळं सांगितलं. सुरज, नकला, बंदी. राणीनं पूर्ण ऐकून घेतलं. ऐकूनच म्हणतो मी, तिच्याइतकं लक्ष देऊन कानवालेही ऐकत नाहीत. मग तिनं दुकानाचं शटर ओढलं, कमरेला पदर खोचला आणि स्टँडच्या दिशेनं बोट दाखवलं. चल, हिंगोलीला.

सुरजच्या ऑफिसात तेव्हा जहांगीरभाई आधीच येऊन भांडत होते. राणीला पाहून सुरज उठला, पण बोलला आकांक्षाशी. "यांना सांग, टेन्शन घेऊ नका म्हणावं. बायकोच्या नावानं नवीन खातं काढतो, सगळी ॲपं परत चढवतो. यांचं पण."

राणीनं टेबलावर थाप मारली. पेनं उडाली. सुरज दचकून तिच्याकडे वळला.

"मावशीकडं बघून बोला," आकांक्षा म्हणाली. "तिला ओठ वाचता येतात. दुकान तिचं आहे."

सुरजनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. आणि तेच पुन्हा म्हणाला, पण आवाज निम्मा झाला होता. "साचा ऑफिसचा आहे, मावशी. मी चढवतो ना परत."

"ऑफिसचा कधीपासून?" जहांगीरभाई उसळले. "माझ्या लेकीच्या शादीचे कपडे ह्याच्यावर शिवून घेतले आमी. तवा ही पोरगी तुमच्या ऑफिसची पायरी चढली नव्हती."

राणीनं ब्लाऊजमधून खडू काढला आणि त्याच्या टेबलाच्या काळ्या काचेवर ठळक लिहिलं, 'नाव माझं लागेल'. खडू आत ठेवला आणि चालू पडली. आकांक्षानं तिथल्या तिथं आपली बॅग उचलली. त्या नोकरीत ती परत गेली नाही.

घरी आल्यावर आकांक्षाची आई, म्हणजे राणीची बहीण सोजराबाई, काळजीनं म्हणाली, "खातं तुझ्या नावानं काढ गं बाई. तिला ऐकू येत न्हाई, उद्या काही झालं तर ती काय करंल?"

"काय करंल म्हणजे? आजवर केलंच न्हाई का तिनं?" आकांक्षा फाडकन म्हणाली. राणीचे कागद बहीणच सांभाळायची; राणीनं तिच्या हातातून स्वतःचं आधार कार्ड घेतलं आणि भाचीच्या हातात दिलं.

राणीच्या नावाचं खातं निघालं. मला वाटलं, आता मी परत जाणार. पण माझ्या अंगाला बंदीचा डाग लागला होता. माझ्यासारखा जरासा जरी दिसला तर नवं ॲपही अडवतील, म्हणून आकांक्षानं सगळं पहिल्यापासून लिहिलं. माझी एक ओळ घेतली नाही. मी तिच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात पडून बघत होतो. वाईट वाटलं का? वाटलं. बिनगुन्ह्याच्या माणसाला आपलं नाव टाकून जगावं लागलं तर त्याला जे वाटेल ते वाटलं.

नव्या खात्याला आणखी एक अट होती, आधी काही माणसांनी ॲप वापरून दाखवायचं. गल्लीतल्या बायका जमल्या. भिकाबाई सगळ्यांत पुढे, मनाला लागलेलं होतं तिच्या. चष्मा लावून ती रोज स्वतःच्या ब्लाऊजची मापं टाकायची, रोज वेगळी. "अगं, रोज कशी बदलून राहिली तू?" म्हणून सगळ्या हसायच्या. यावेळचं हसणं मला लागलं नाही.

मंजुरी आली तेव्हा जयंती होऊन गेली होती. बायकांनी तयार ब्लाऊजं विकत घेऊन घातली, काहींनी जुनीच धुऊन घातली. तो हंगाम राणीला कुणी परत दिला नाही. स्टोअरनं चुकलो म्हटलं नाही. सुरजनं पाटी बदलली. आता तो लग्नाच्या व्हिडिओचं काम घेतो. सगळं गोड झालं असं मी सांगावं, ही अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

आकांक्षाला आता लॅपटॉपात जागा कमी पडते आहे. आज ना उद्या ती मला पुसून टाकील, आणि तिनं टाकावंही. जाण्याआधी तुम्हाला एकच विनवणी. कुणी तुम्हाला म्हणालं, नाव बदललं की झालं, तर त्याला विचारा, आत कुणाचं माप आहे? एकाच्या अंगासाठी बेतलेलं दुसऱ्याच्या गळ्यात अडकवू नका. त्यात दोघांचाही अपमान असतो.

आणि एक गोष्ट बघून ठेवली आहे, ती सांगून जातो. परवा नव्या ॲपखाली कुण्या बाईनं एकच तारा देऊन लिहिलं, 'कितीदा फोन केला, टेलर उचलत नाही. बेकार सर्व्हिस.' माझ्या वेळी अशा तक्रारीला सुरजच्या ऑफिसातून 'धन्यवाद, आपले मत महत्त्वाचे आहे' एवढंच जायचं. आता उत्तर द्यायचा हक्क ज्याचं खातं त्याचा. आकांक्षा लिहायला पुढे सरसावली, तर राणीनं तिचा हात बाजूला केला. एका बोटानं, सावकाश, सगळ्या जगाला दिसेल असं तिनं स्वतः लिहिलं:

'मला ऐकू येत नाही. तुमचं माप पाठवा. — राणी'