रीमचा खुराक

देवव्रत गायधनीला घोड्यातलं नेमकं काय कळतं, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर दोन वाक्यांत संपलं असतं. लहानपणी सुट्टीत तो चांदवडला मामाकडे जायचा आणि मामाच्या शेजाऱ्याकडे लग्नाच्या वरातीसाठी एक पांढरी घोडी होती. त्या घोडीवर तो बसला होता, नाही असं नाही, पण लगाम शेजाऱ्याच्या हातात होता. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ दोह्यात कित्येक वर्षं घोड्यांवर प्रवचनं झोडत होता. गॅस कंपनीत पाइपलाइनचा इंजिनिअर, मदिनत खलीफात व्हिला, बोलायला रसाळ. मराठी मंडळींच्या जेवणावळीत विषय कुठलाही निघो, तो फिरवून घोड्यावर आणायचा. "घोडं म्हणजे आमच्या घरातलंच हो," असं म्हणायचा आणि पुढचा प्रश्न यायच्या आत ताटातल्या श्रीखंडाकडे वळायचा.

खरं घोडं कळत होतं त्याच्या मुलीला. नुपूर चौदा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. शहराबाहेरच्या एका तबेल्यात ती तीन वर्षं रीम नावाच्या करड्या घोडीवर शिकत होती. रीम तिची नव्हे, तबेल्याची. पण रोज खरारा करायचा, खूर साफ करायचे, पाणी दाखवायचं, हे सगळं नुपूर करायची. घरी स्वतःचं ताट न उचलणारी ही पोर तिथे लीद उपसते, हे बघून तिची आई नमिता कपाळाला हात लावायची. देवव्रतची छाती मात्र फुगायची. "रक्तातच आहे ते," तो म्हणायचा.

वर्ल्डकपचं वर्ष उजाडलं होतं. सगळं दोहा खणून ठेवलेलं, काल होता तो रस्ता आज नसायचा, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय. स्पर्धेच्या आधी कॉर्निशवरून, म्हणजे समुद्राकाठच्या मोठ्या रस्त्यावरून, मुलांची एक तुकडी घोड्यांवर झेंडे घेऊन निघणार असं ठरलं आणि त्यांच्या तबेल्यातून एकाच मुलीला त्यात जागा मिळणार होती. नुपूरला ती हवी होती. इतकी हवी होती की ती त्याबद्दल घरात बोलतच नव्हती. फक्त तिच्या खोलीच्या भिंतीवर कॉर्निशचा नकाशा लागला होता.

निवड करणार होती रबिया. तबेल्याची मुख्य शिक्षिका, मोरोक्कोची, बोलणं कमी आणि इंग्रजीत. तिची परीक्षा घ्यायची पद्धत साधी होती. मुलींना घोड्यांसकट एका रात्रीसाठी मुक्कामाला न्यायचं. अल थखिराच्या किनाऱ्यावर, जिथे खाडीत कांदळवन आहे आणि त्याच्या कडेकडेने घोड्यांची वाट जाते. तिथे ज्या मुलीचा घोडा, त्याचं खाणंपिणं, बांधणं, निजवणं तिनेच बघायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. आईबापांनी यायचं ते फक्त स्वयंपाकाला.

"आणि घोड्यांना काहीही द्यायचं नाही," निघताना रबियाने सगळ्या पालकांना बजावलं. "गाजरसुद्धा नाही."

गाडीत नुपूरने ते परत सांगितलं. "बाबा, रीम हॅज अ बॅड स्टमक. प्लीज, ओके?"

"अगं, मला सांगतेस?" देवव्रत हसला.

नमिताची पाठ धरली होती, म्हणून ती घरीच राहिली. पण सकाळी सगळ्यांना उसळ करता यावी म्हणून तिने भिजवलेल्या हरभऱ्याचा भलामोठा डबा बरोबर दिला होता. वीसेक माणसांना पुरेल एवढा.

जागा सुरेख होती. एका बाजूला उघडी वाळू, दुसऱ्या बाजूला हिरवीगार झाडी, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात बगळे. "आमच्या वसईच्या खाडीत असंच असतं," एस्थर म्हणाली. "आम्ही तिवरं म्हणतो." एस्थर हॉस्पिटलात नर्स होती, तिची मुलगीही याच निवडीत होती. देवव्रतला तिचं कौतुक होतं, कारण ती त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

संध्याकाळी रबिया मुलींना घेऊन चालत वाट बघायला गेली. दुसऱ्या दिवशी तिथूनच घोडे न्यायचे होते, चिखल कुठे आहे ते पायांना कळायला हवं होतं. घोडे रांगेत बांधलेले, प्रत्येकापुढे वाळलेल्या गवताची जाळी. मोठी माणसं चूल मांडत होती, आणि देवव्रत कुणाला काही सुचवत, स्वतः काही न करता फिरत होता.

"नुसतं गवत," तो एस्थरला म्हणाला. "घोड्याला गवतावर ठेवतात का कधी? आमच्या चांदवडला घोडीला भिजवलेला हरभरा. अशी चमक यायची अंगावर, की बघत राहावं!"

"इथलं वेगळं असेल," एस्थर कांदे चिरता चिरता म्हणाली.

"घोडं सगळीकडे सारखंच."

आता हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण रीमने मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षं तो तबेल्याच्या कुंपणाबाहेर उभा राहून फोटो काढत आला होता. त्या जनावराने त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने डब्यातून मूठभर हरभरा घेतला आणि तळहात पुढे केला. रीमचे ऊन ओठ हातावर फिरले. हरभरा गेला, आणि तिने त्याच्या खिशाशी नाक घासलं. देवव्रतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला सांगा. त्याने दुसरी मूठ दिली, तिसरी दिली. मग डबाच तिच्यापुढे धरला. घोडी खाते आहे आणि आपण तिच्या कपाळावर हात ठेवून उभे आहोत, हे त्याला इतकं आवडलं की डब्याचा तळ दिसेपर्यंत त्याने तो बाजूला केला नाही.

वळून बघितलं तर एस्थर कांद्यांवरून वर बघत होती. त्याने डोळा मिचकावला. ती हसली नाही.

पहाटे त्याला जाग आली ती आवाजांनी. तंबूबाहेर येऊन बघतो तर रीम खाली पडली होती, लोळत होती, पाय झाडत होती. नुपूर दोर ओढून तिला उठवायला बघत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. घोडी कशीबशी उठली. अंग घामाने भिजलेलं. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायची, पुढच्या पायाने वाळू उकरायची आणि पुन्हा गुडघे मोडायला लागायची.

"चालव तिला," रबिया ओरडली. "पडू देऊ नकोस. यल्ला, चालव!"

नुपूर चालवत होती. पायात चपला नव्हत्या, अंगात रात्रीचाच स्वेटर. रबियाने डॉक्टरला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर जवळच्याच अल खोरहून निघत होता. त्याचा पहिलाच प्रश्न सगळ्यांनी ऐकला. घोडीने काय खाल्लं? गवत सोडून काही? वाळू? धान्य? नक्की काय ते कळलं तर तो त्याच तयारीने येईल, नाहीतर इथे येऊन अंदाज करण्यात वेळ जाईल.

रबियाने फोन हातात धरून गोल नजर फिरवली. "कुणी काही दिलं?"

देवव्रत तिथेच उभा होता. एक शब्द पुरेसा होता. 'हरभरा.' 'मी.' कुठलाही चालला असता. त्याला बोलायचं होतं, हे अगदी खरं. त्याने तोंडही उघडलं. पण समोर सगळी उभी होती, ज्यांना त्याने रात्री शेकोटीशी चांदवडच्या घोडीची हकिकत सांगितली होती, त्यातलीच. सांगताना शेजाऱ्याची घोडी त्याने मामाची केली होती आणि लगाम स्वतःच्या हातात घेतला होता. आता त्याच तोंडाने काय सांगायचं? त्याने खाली बघितलं, मग खाडीकडे बघितलं. एस्थर त्याच्याकडे बघत होती हे त्याला न बघताही कळत होतं.

"कुणीच नाही?" रबियाने पुन्हा विचारलं. फोनमधून डॉक्टर काहीतरी म्हणत होता.

नुपूर घोडीला घेऊन वळली. चुलीपाशी हरभऱ्याचा रिकामा डबा उघडा पडला होता, तो तिने पाहिला आणि मग बापाकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते त्याला पुढे कधीच नीट आठवलं नाही, पण ती थांबली होती, घोडी दोर ओढत असतानाही थांबली होती.

"आय डिड," ती म्हणाली. "चिकपीज. सोक्ड वन्स. अ बिग बॉक्स. इव्हनिंगला." आणि ती पुन्हा चालायला लागली.

डॉक्टर आला तेव्हा सूर्य वर आला होता. त्याने घोडीला इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटातला वायू आणि पाणी काढलं, पोटाला कान लावून बसला. वेळेवर कळलं म्हणाला, नाहीतर पोट फुगून आतडं पिळलं असतं. या सगळ्या वेळात देवव्रतने पाण्याच्या बादल्या आणल्या, कुणी न सांगता आणल्या, नको असतानाही आणल्या. बादली वाहताना माणसाला मान खाली घालता येते.

रीमने गवताची एक काडी तोंडात घेतली तेव्हा बाकीच्या मुली टाळ्या वाजवून रडल्या. नुपूर तिच्या मानेत तोंड खुपसून उभी होती.

एस्थर चहाचा कप घेऊन देवव्रतजवळ आली. कप तिने त्याच्या हातात दिला.

"मी पहाटेच बोलणार होते," ती म्हणाली. "तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा वाटलं, सांगताय. म्हणून गप्प राहिले. मग पोरीनेच अंगावर घेतलं. आता मी बोलले तर ती खोटी पडते. आणि जागा माझ्या मुलीला मिळायची शक्यता आहे, म्हणजे तिच्यासाठीच बोलले असं होईल, म्हणून तर माझं तोंड आणखीच बांधलं गेलंय. हे बरं नाही केलंत, देवव्रत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला भांडता आलं असतं. तो चहा न पिता उठला आणि रबियाकडे गेला.

रबिया खोगिरांचे पट्टे आवळत होती. त्याने सांगितलं. आधी इंग्रजी अडखळलं, मग सगळं घडाघडा बाहेर पडलं. हरभरा आपण दिला. तिने सांगितलं असतानाही दिला. मुलगी त्या वेळी तिथे नव्हतीच, रबियाबरोबर चिखल बघायला गेली होती. मुलीची काही चूक नाही, तिची जागा काढू नका.

"मला माहीत होतं," रबिया म्हणाली.

"कसं?" देवव्रतने विचारलं.

"ती माझ्याबरोबर होती, मग देईल कधी? आणि तीन वर्षं मी शिकवलेली मुलगी त्या घोडीला डबाभर चणे देईल?" रबियाने पट्टा ओढला. "पण ती माझ्यापुढे खोटं बोलली, मिस्टर गायधनी. घोड्याने काय खाल्लं ते खरं सांगितलं, कुणी दिलं ते खोटं. आजारी जनावरासमोर जी खोटं बोलू शकते, तिला मी गर्दीत, झेंडे आणि ढोलांच्या मध्ये, दुसऱ्या मुलींच्या शेजारी कशी पाठवू? कारण चांगलं होतं, मान्य आहे. पुढच्या वेळी कारण वेगळं असेल."

"अहो, पण ती माझ्यासाठी..."

"हो," रबिया म्हणाली. "तुमच्यासाठी. खलास. आता हे बोलून झालं."

देवव्रत वाळूतून परत निघाला. रागवायला कुणीतरी हवं होतं आणि कुणीच सापडत नव्हतं. रबिया खोटं बोलली नव्हती, एस्थर नव्हती बोलली, आणि जी बोलली तिला रागवायला तोंड कुठून आणायचं? आयुष्यभर त्याने घोड्यांच्या नावाने जे जे सांगितलं होतं ते सगळं त्याला एकदम आठवलं आणि स्वतःची किळस आली.

नुपूर रीमला ओल्या फडक्याने पुसत होती. खांदे, पाठ, पोटाकडे अगदी हलक्या हाताने. तिच्या अनवाणी पावलांवर शिंपल्यांनी कापल्याच्या रेघा होत्या. बाप जवळ येऊन उभा राहिला तरी तिने वर बघितलं नाही.

"मी मॅडमना सांगितलं सगळं," देवव्रत म्हणाला. "मीच दिलं म्हणून."

"ओके."

"जागा... ती नाही म्हणाली."

"आय नो. शी टोल्ड मी ऑलरेडी."

"तू कशाला स्वतःच्या अंगावर घेतलंस गं? मी सांगणारच होतो. मी बोलणारच होतो, नुपूर."

तिचा हात थांबला. तिने फडकं बादलीत पिळलं आणि मग त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर त्याला सोसवलं असतं.

"आय वेटेड, बाबा," ती म्हणाली. "तू बोलशील म्हणून मी थांबले. पण रीमला दुखत होतं."

काहीतरी करायला हवं म्हणून देवव्रतने हात उचलला आणि घोडीच्या कपाळाकडे नेला. रीमने कान टवकारले, त्याच्या तळहाताचा वास घ्यायला नाक पुढे केलं. कालचा हरभरा ती विसरली नव्हती.

नुपूर मध्ये आली. तिने बापाचं मनगट धरलं, झटकलं नाही, नुसतं धरलं आणि हळूच खाली केलं.

"नको," ती म्हणाली. "तिला हात लावू नकोस. प्लीज."