आग्यानागाचं अंडं

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवावीत तर चतुराबाईनेच, हे सिद्धेश्वर धरणाच्या काठावर सगळेच कबूल करत. बदकाची, लांडोरीची, एकदा तर टर्कीचीही अंडी तिने आपल्या कोंबड्यांकडून उबवून घेतली होती. त्यामुळे पोरगा दिपक जाळ्यात सापडलेलं नारळाएवढं काळंशार अंडं घेऊन आला, तेव्हा बाईने मागचा-पुढचा विचार केला नाही. टोपलीत भुसा घातला, अंडं ठेवलं, वर तांबडी कोंबडी बसवली. हौस, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दाणे टाकायला गेली, तर कोंबडी मान उचलेना. चतुराबाईने हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. भर चैत्राच्या उन्हात कोंबडी माठासारखी गार पडली होती. बसल्या जागी मेली होती, डोळे उघडे ठेवून. आणि तिच्याखाली अंडं नव्हतं.

असल्या गार मरणाची गोष्ट तिला तोंडपाठ होती.

ह्या धरणाची पूर्णा नदी पहिल्यांदा वाहिली, तेव्हा सूर्य पाणी प्यायला खाली वाकला. त्याच्या घामाचा थेंब नदीत पडला, पण विझेना. तो एका मरळ माशाच्या मादीने गिळला. तिला पंख फुटले, तोंडातून जाळ येऊ लागला. टीव्हीवाले ज्याला ड्रॅगन म्हणतात, तो आपला आग्यानाग. त्या जातीत नर नसतोच. मादी जन्मात एकच अंडं घालते, अंगातली सगळी ऊब त्याला देते आणि स्वतः गार पडून काळा दगड होते. ऊब कमी पडली, तर अंडं चिखलात वाट बघत राहतं. मग जी कुणी ते उबवील, ती त्याची आई आणि तीही अशीच गार पडून मरणार.

चतुराबाईने ही गोष्ट कधी खरी मानली नव्हती. पौषात सुनेचं, कोमलचं, दोन दिवसांचं लेकरू गेलं. पोरीने बोलणं टाकलं. तिचं मन रमावं म्हणून जाळी सोडवता सोडवता बाई तिला अशा गोष्टी सांगत बसायची, इतकंच.

ती धावतच घरात शिरली. कोमल भिंतीला टेकून बसली होती. एवढ्या उकाड्यात अंगावर गोधडी, ओठ निळे आणि पोटाशी ते अंडं.

"कोमल, खाली ठेव ते! कोंबडी मेली त्याच्यानं!"

"म्हाईत हाय मला." पौषानंतर पहिल्यांदाच कोमलचं तोंड उघडलं.

"काय म्हाईत हाय?"

"तुमीच सांगितलं न्हाई का, आत्याबाई? उबवणारी गार पडते म्हनून. कोंबडीची ऊब पुरली न्हाई त्याला. आतून हालून राहिलंय."

कुणी कानशिलात हाणावी तसं चतुराबाईला झालं. पोरीने गोष्ट ऐकली होती, मनात ठेवली होती आणि समजूनउमजून मरायला बसली होती. हे घडवलं कुणी? आपल्याच जिभेने! बाईने अंडं ओढलं. कोमलने सोडलं नाही.

"माझं लेकरू माझ्या हातात गार पडलं. ह्याला न्हाई पडू देनार मी."

दिपक धरणात जाळं टाकायला गेलेला, शेजारी रानात. हाक मारायला कुणी नव्हतं. चतुराबाई खाली बसली, गोधडीत शिरली आणि अंड्याच्या दुसऱ्या बाजूने आपलं पोट लावलं.

"मंग मी बी देते. हाय माझ्यात बी थोडी."

तिच्या अंगातली ऊब कुणी घटाघटा प्यावी तशी जाऊ लागली. आधी गुडघे गेले, मग पाठ. दातांवर दात वाजू लागले. गोष्टीत आई नेहमी एकच असायची, दोघी बसल्या तर काय होतं ते कुणी सांगितलंच नव्हतं. बाईला भयंकर भीती वाटली. तरी ती हलली नाही.

अंडं तडकलं. आतून मांजरीच्या पिल्लाएवढं ओलं, काळं काहीतरी बाहेर आलं, पंख पाठीला चिकटलेले. ते शिंकलं आणि गोधडीला जळून भोक पडलं.

चतुराबाईने घाबरून सुनेचं मनगट धरलं. गार की ऊन, तिला काही कळेना. बोटं बधिर झाली होती. तिने आणखी घट्ट दाबलं.

"आत्याबाई," कोमल म्हणाली, "किती गार पडलाय तुमचा हात!"

आणि तिने तो आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, जोरजोरात चोळू लागली.