खाली उतरल्याची ओळ

“पुन्हा अडलात,” चर्चचे पाळक म्हणाले. “‘पुरला गेला’पर्यंत पाणी कसं सुरळीत येतं तुमचं, आणि नेमका तिथंच पंप हवा धरतो.”

पंपवाल्याला हसू आलं नाही. पन्नाशी उलटल्यावर बाप्तिस्मा घ्यायचं त्यानं मनावर घेतलं होतं, आणि पाळकांना जुन्या रीतींचा भारी सोस. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, कुणी लिहून देत नसे. शिकणाऱ्यानं ती ऐकून पाठ करायची आणि बाप्तिस्म्याआधी सगळ्या मंडळीसमोर म्हणून दाखवायची. पंपवाल्यालाही तसंच करायचं होतं. ‘मी विश्वास ठेवतो’पासून आमेनपर्यंत जेमतेम दहा-बारा ओळी. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं सांगणाऱ्या माणसाला त्यात काय जड? पण ‘तो अधोलोकात उतरला’ ही प्रभू मेलेल्यांच्या जगात गेल्याची ओळ आली की तो बंद पडे.

“ही गाळली तरी चालेल,” पाळक म्हणाले. “सगळ्यांत जुन्या मतांगीकारांत ती नाहीच, मागाहून आली. आजही अभ्यासक तिच्यावरून भांडतात. काही चर्चमध्ये तर ती म्हणतच नाहीत.”

“मग घातली कशाला?”

“मला विचाराल तर, देव पोचला नाही अशी एकही जागा उरू नये म्हणून.”



“राहू द्या ती,” पंपवाला म्हणाला. “बाकीच्या ओळी तुम्ही सांगता म्हणून म्हणतो. ही एकच मला कळते.”

कळत होती म्हणूनच तर त्याची गाळण उडत होती. अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ विहिरीतला पंप काढायला उतरला आणि विषारी वायूनं तळाशीच कोसळला. पंपवाला काठावर होता. त्यानं हाका मारल्या, दोर हलवला, पण शिडीवर पाय ठेवायची हिंमत काही झाली नाही. उतरला असता तर दोघंही गेले असते, असं पुढे सगळेच म्हणाले. घरी वहिनीला मात्र त्यानं सांगितलं, की मी अर्ध्यापर्यंत गेलो, चक्कर आली, परत फिरलो. त्या एका थापेवर तो अकरा वर्षं तिच्या हातचं जेवत होता. आज ना उद्या तिला कळेल, या धास्तीनं धड झोपतही नव्हता.

दर रविवारी चर्चला येणारी वहिनी त्या रविवारी नेमकी पहिल्याच बाकावर बसली. पंपवाला मंडळीसमोर उभा राहिला. “मेला, पुरला गेला,” इथपर्यंत तो कसाबसा आला. “तो अधोलोकात उतरला,” असं म्हणाला आणि थांबला.

“मी उतरलो नव्हतो, वहिनी,” तो म्हणाला. “अर्ध्यापर्यंत नाही नि कुठंच नाही. शिडीला हातही लावला नाही. घाबरलो.”

आता ही उठून जाणार, या भीतीनं त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

“ठाऊक आहे मला,” वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली. “तुमचे त्या दिवशीचे कपडे मागाहून मीच धुतले ना. त्या शिडीला नुसतं टेकलं तरी शेवाळ लागतं. एक डाग नव्हता.”

पाळक काही बोलणार होते. तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

“पुढचं म्हणा, भाऊजी.”

पुढची ओळ तिसऱ्या दिवसाची, मेलेल्यांतून पुन्हा उठल्याची. ती त्याला आठवेना. मग वहिनीनंच ती सावकाश म्हटली, एकेक शब्द सुटा करून, आणि तो तिच्यामागून म्हणत गेला.