पहिल्या कार्डावरचं वाक्य

हिवाळ्यातली तोंडी परीक्षा माझ्या नातीने दिलीच नव्हती. दारापर्यंत गेली आणि तशीच मागे फिरून जिन्याखाली जाऊन बसली. तीन तासांनी झाडूवाल्या बाईंना सापडली. ती स्वमग्न आहे. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक तिला पानन् पान पाठ आहे, पण अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. आता ही शेवटची संधी होती. हुकली तर कॉलेजातून नाव कमी होईल, असं लेखी पत्रच आलं होतं.

तयारी करून घ्यायचं मी अंगावर घेतलं. माझी मुलगी, म्हणजे तिची आई, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “बाबा, तुम्ही? दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर मुकाट्याने तीच वापरता. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?”

खरंच होतं ते. ग्रंथालयात मी पस्तीस वर्षं पुस्तकांची सूची-कार्डं लिहिली, कारण कार्डांशी बोलावं लागत नाही. जे येत होतं तेच केलं. जाड कार्डं कापली, क्रमांक घातले. पुढच्या बाजूला परीक्षा घेणारे सर काय म्हणतील ते, मागे तिने काय म्हणायचं ते. एकूण अठरा. पहिल्यावर होतं, ‘सर : या, बसा.’ आणि मागे, ‘धन्यवाद. आता खुर्ची ओढून बसणे.’

महिनाभर जेवणाच्या टेबलाशी मी परीक्षक झालो. आवाज जाड काढायचो.

“आजोबा, तुम्ही सरांसारखे नाही, सर्दी झाल्यासारखे बोलता,” ती म्हणायची. एकदा तिने विचारलं, “आणि सर हे वाक्य बोललेच नाहीत तर?”

“अगं, आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणणारच की!”

“नाही म्हणाले तर?”

“म्हणतील गं. पुढचं कार्ड घे.”

परीक्षेच्या दिवशी शिपायाने तिचा क्रमांक पुकारला. तिने बाहीचं टोक मुठीत धरलं आणि ती सरळ प्रयोगशाळेत गेली. जिन्याकडे वळलीसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला.

इतर मुलं दहा मिनिटांत सुटत होती. तिची पंधरा झाली. शिपाई बाहेर आला.

“आजोबा, ती तुमची नात ना? पुतळा झालाय तिचा. सरांनी लिहिता लिहिता नाव विचारलं, गप्प. झाडाचं पान दाखवलं, गप्प. आता गैरहजर लावतो म्हणतायत.”

“बसलीय का ती?”

“कुठली बसतेय? गेली तशी खुर्चीमागे उभी.”

म्हणजे सर ‘बसा’ म्हणाले नव्हते. पहिलं कार्ड झालं नव्हतं, तर दुसरं कसं होणार? तिने दोनदा विचारलं होतं मला. दोनदा.

“तुम्ही सरांना सांगाल का, तिला ‘बसा’ म्हणा म्हणून?”

“मी? सरांना? नोकरी घालवता काय माझी?”

मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. दारावर टकटक करायला हात वर केला, खाली घेतला. पुन्हा वर केला. काय बोलायचं ते मनात जुळवलं आणि चार वेळा मोडलं. शेवटी शिपाई पाणी प्यायला वळला, तेव्हा दार ढकलून चोरासारखा आत शिरलो.

ट्यूबलाइट गुणगुणत होती. खुर्चीची पाठ धरून ती उभी होती, बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिलंच कार्ड, पुन्हा पुन्हा. सरांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं.

“कोण तुम्ही? पालकांनी आत यायचं नाही.”

जुळवलेलं सगळं गेलं. मी खिशातून गठ्ठा काढला आणि पहिलं कार्ड त्यांच्या हजेरीच्या कागदावर ठेवलं.

“हे काय?” त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं. “अहो, बोला की!”

मी कार्डाकडे बोट दाखवलं.

“ते तुमचं वाक्य आहे,” नात म्हणाली.

हे कुठल्याच कार्डावर नव्हतं.

तेवढ्यात शिपायाने माझा दंड धरला आणि मला बाहेर काढलं. दार लागलं. “माझ्या नावाने ओरडतील ना आता सर!” तो पुटपुटत होता.

मी दाराला कान लावला. मग खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज आला. नंतर सरांचा आवाज, मग तिचा, भरभर, एकाच सुरात. शब्द कळत नव्हते. उरलेली सतरा कार्डं मी चाळत राहिलो आणि सातव्यापाशी थांबलो. तिथेही मी सरांच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं. ‘छान, पुढे सांगा.’

आता ते तसं म्हणतील, याची काय खात्री?