पाण्याची शिट्टी

साहेब, आमच्या खडी क्रशरवर पाणी फक्त तुमच्यासाठी उडतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमची पांढरी गाडी वळणावर दिसली की गेटवाला शिट्टी मारायचा, पंपवाला कॉक उघडायचा, आणि तुम्ही ओल्या दगडांपुढे उभे राहून मान डोलवायचात. इतक्या तपासण्यांत एकदाही क्रशर कोरडा दिसला नाही, यात तुम्हाला काहीच वावगं वाटलं नाही?

गेल्या खेपेला तर ‘धूळशमन यंत्रणा’ या पाटीखाली तुम्ही भाषणच ठोकलंत. शम् म्हणजे शांत होणं, त्यावरून शमन. धूळ नाहीशी होत नाही, पण तिचा त्रास कमी होतो.

पंपवाल्याने ते घरी जेवताना सांगितलं. समोर मेहुणा बसला होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला क्रशरवर चिकटवला होता तो यानेच. दोन घास खाल्ले की त्याला खोकल्याची उबळ यायची.

"कुणाचा त्रास, दाजी?" म्हणत तो स्वतःच हसला.

बायकोने विचारलं, रोज पाणी सोडता ना? पंपवाला म्हणाला, सोडतो की. मेहुण्याने ताटातून मान वर केली नाही. बहिणीपुढे दाजीची लाज त्याने राखली.

परवा तो चाळणीपाशी खाली बसला, तो उठलाच नाही. मॅनेजरने ॲम्ब्युलन्स मागवली. गेटवर आणि पंपाच्या खोलीत सांगायचं कुणाला सुचलं नाही. वळणावर पांढरी गाडी दिसताच गेटवाल्याने शिट्टी मारली आणि पंपवाल्याने कॉक उघडला. बाहेर येऊन बघतो, तर धूळ खाली बसलेली, पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसतोय आणि स्ट्रेचरवर मेहुणा भिजतोय.

"आज कोण आलंय, दाजी?"

तुझ्यासाठीच सोडलंय, एवढं म्हणायला पंपवाल्याची जीभ उचलली नाही. तेवढ्यात मॅनेजरने हटकलं, तपासणी नाहीये, बंद कर, विकायची भुकटी भिजतेय. आणि साहेब, त्याने बंद केलं. स्ट्रेचर गाडीत चढायच्याही आत.

मेहुणा वाटेतच गेला. दवाखान्यातून त्याचे कपडे आले, ते ओले. बायको ते पिळता पिळता थांबली. पाणी तर होतं म्हणते, मग याच्या छातीत एवढी धूळ कुठून आली?

पंपवाला भिंतीकडे तोंड करून बसलाय. शब्दाची फोड करून सांगायला तुम्हाला छान जमतं. या, या बाईसमोर बसा. तिने विचारलंय त्याचं उत्तर द्या.