मोजणीच्या दिवशी हिनोसावा स्टेशन

ज्यांनी माझ्या बाकावर कधी दहा मिनिटं गाडीची वाट पाहिली नाही, त्यांनीच मला बिनकामाचा ठरवलं. कागदावर एक रेघ मारली की यांचं काम झालं. मी हिनोसावा स्टेशन बोलतोय, आणि मला हे मान्य नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी डोंगरातलं लाकूड शहरात न्यायचं होतं, म्हणून गावकऱ्यांनी आपल्याच रानातले खांब देऊन मला उभं केलं. तेव्हा माझ्याकडे मास्तर होता, सात माणसं होती, लाकडाने भरलेल्या वाघिणी होत्या. पुढे लाकूड संपलं, माणसंही गेली. मास्तरांच्या खोलीत आता गावाचे मुळे वाळत असतात.

माझा बांधा साधा. एकेरी लोहमार्ग माझ्यापाशी येऊन दुहेरी होतो आणि पुढे पुन्हा एकेरी. इमारतीला लागून डोंगराकडच्या गाडीचा फलाट, समोर शहराकडच्या गाडीचा. पूल नाही, रुळांवर टाकलेल्या फळ्यांवरून पलीकडे जायचं. सकाळी दोन्ही गाड्या माझ्याच कुशीत भेटतात. शहराची दहा चौदाला सुटते, डोंगराची दहा सतराला. सेकंदही इकडेतिकडे होत नाही.

माझी रोजची प्रवासी एकच, फुमियोआजी. त्यांचे यजमान शहरातल्या इस्पितळात आहेत आणि गावात बस येत नाही. मी बंद झालो की त्या दोघांची भेटही बंद.

मला ठेवायचं की बंद करायचं हे ठरवण्यासाठी मागच्या महिन्यात रेल्वे कंपनीचा इसोबे नावाचा तरुण प्रवाशांच्या मोजणीला आला. सकाळच्या दोन गाड्यांत जेवढे चढतील, तेवढे खटके तो हातातल्या यंत्रावर दाबणार होता. गावाला कुणकुण लागलीच. दहाच्या आधी आजी धरून तेवीस माणसं समोरच्या फलाटावर आखलेल्या रेषेत शिस्तीत उभी होती.

शहराची गाडी आली. दार उघडलं.

"चढा आजी, तुमच्यासाठीच तर आलोय."

"छे, माझ्यासाठी एवढी पायपीट केलीत. आधी तुम्ही."

"मी? ओकुनोकाका असताना?"

"माझे गुडघे वेळ खातात. तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं, तुमचा मान मोठा."

सगळे एकमेकांपुढे वाकत राहिले. शिट्टी झाली, दार लागलं, गाडी गेली. तेवीसच्या तेवीस जण फलाटावर आणि यंत्रावर शून्य. एरवी एक तरी चढायची, आज तीही राहिली. मला फलाटासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात गेन्झो धापा टाकत आला. उभा जन्म वाघिणीत ओंडके चढवण्यात गेलेला, आणि उद्धट म्हणून गावाने ओवाळून टाकलेला.

"गाडी गेली, तरी वाकताय कुणापुढे?"

"अहो, आधी कुणी चढायचं तेच ठरेना."

"मग पलीकडे दुसरी उभी आहे ना. चला."

"ती डोंगराकडे जाते. आजींना शहरात जायचंय."

सगळे आजींकडे बघू लागले. त्यांच्या हातात यजमानांसाठी शिजवलेल्या भोपळ्याचा डबा होता.

"आज नाही गेले तर ते रुसतील," आजी म्हणाल्या. "स्टेशन गेलं, तर रुसणारं माणूस दिसायचंही नाही. चला."

तीन मिनिटं होती. फळ्यांवरून काठ्या, छत्र्या, गुडघे, सगळं धावलं. दारात पुन्हा कुणीतरी म्हणालं, "आधी तुम्ही." गेन्झोने त्याला कॉलर धरून आत लोटलं.

"नम्रपणा घरी जाऊन करा."

एकेकाला त्याने ओंडक्यासारखं आत चढवलं आणि शेवटी स्वतः चढला. इसोबेने चोवीस खटके दाबले.

निकाल वसंतात लागणार आहे. मधल्या काळात माझी दोन कौलं सरकलीयत, घड्याळ मात्र बरोबर चालतंय. विनंती एवढीच की, मला मोजायचं असेल तर रोज या. एका सकाळवरून कुणाचा जीव जोखू नका. आणि हो, त्या दिवशीची एक गोष्ट राहिली.

सुटण्यापूर्वी चालकाने नियमाप्रमाणे पांढऱ्या हातमोज्यातलं बोट सिग्नलकडे रोखलं. मग मागे वळून माणसांनी भरलेला गाडीचा डबा पाहिला आणि खिडकीतून इसोबेला विचारलं, "वर गावात कुणाची मयत आहे का?"

इसोबेने माझ्या पाटीकडे पाहिलं आणि यंत्र खिशात टाकत म्हणाला, "होती. बहुतेक पुढे ढकलली."